बाईंचा कवी

आमच्या बाईंचा दुधावर विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता हे तर झालंच, पण खुद्द दुधावरही नव्हता. सकाळी पातेलं समोर आलं की त्या त्यात बोट बुडवायच्या, बोट उभं धरून थेंब कसा ओघळतो ते चष्म्याच्या वरून बघायच्या आणि दूधवाल्याला म्हणायच्या, "आज ठीक दिसतंय. पण ठीक कालही दिसत होतं." तो बिचारा रोज तेच ऐकून सायकलला टांग मारायचा. बाईंचं समाधान झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी दूध परत केलेलंही कुणी पाहिलं नव्हतं.

धुळ्याला देवपुरात मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथल्या या रेक्टरबाई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे कॉलेजसाठी राहिले. बाई एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटक, दोन्ही खांद्यांवर पिना लावलेलं सुती पातळ, आणि हातात टॉर्च. टॉर्च दिवसाही असायचा. भर दुपारी, धुळ्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, त्या कोठीघरात शिरताना टॉर्च लावायच्या. "उजेड असला की माणूस नीट बघत नाही," म्हणायच्या.

मुलींना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "नाव कुणीही काहीही सांगतं. गाव लपत नाही." त्यामुळे मी सावदा. माझ्या खोलीतली विमल चोपड्याकडची, म्हणून ती चोपडा. चाळीसगाव दोन होत्या, तर एकीला चाळीसगाव जंक्शन म्हणायच्या. कुणाचा भाऊ भेटायला आला की त्याला फाटकाशी उभं करून आधी परीक्षा. आईचं माहेर कुठलं? मागच्या दिवाळीला घरी कोण आजारी होतं? एकदा माझा खरा, सख्खा भाऊ या परीक्षेत नापास झाला, कारण त्याला माझी जन्मतारीख आली नाही. केळ्याचा घड घेऊन आला होता तो. घड आत आला, भाऊ तसाच सावद्याला परत गेला.

फाटकावर नाना म्हणून म्हातारे रखवालदार होते. ते तंबाखू मळत आम्हाला सांगायचे, "मी गेट राखस, अन् बाई माले राखस."

पत्रांचं तर विचारूच नका. पत्रं आधी बाईंकडे जायची. त्या ती फोडतात असा आमचा पक्का संशय. एकदा एका मुलीनं धीर करून विचारलं, तर बाई अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फोडत नाही. मी फक्त उजेडात धरते."

असा हा सगळा कारभार चालायचा तो एका कवीच्या जोरावर. तिकडे इंग्लंडात राणीचं राज्य होतं त्या काळातला कवी. त्याचं नाव बाईंनी आम्हाला कधी सांगितलं नाही. नाव सांगितलं तर मुली वाचनालयात जाऊन त्याचं पुस्तक मागतील, आणि त्याच्या सगळ्या कविता मुलींनी वाचण्यासारख्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याजवळचं पुस्तक कपाटात कुलपात असायचं. त्या फक्त 'माझा कवी' म्हणायच्या. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की आम्हाला त्याची एक ओळ द्यायच्या. इंग्रजीत म्हणायच्या, आमच्याकडून म्हणवून घ्यायच्या, मग मराठीत अर्थ सांगायच्या आणि शेवटी त्या अर्थातून एक नियम काढायच्या.

ओळी फार सुंदर असायच्या. हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही नियमांनीच बेजार.

एका ओळीत होतं की वसंतातलं पहिलं फूल कुणालाही न सांगता उमलतं. बाई म्हणाल्या, "म्हणून म्हणते, न सांगता काही करायचं नाही." दुसऱ्या एका ओळीत समुद्रापलीकडून आलेला वारा कवीच्या खिडकीचं नाव विचारतो. त्या दिवसापासून गल्लीकडच्या खिडक्यांच्या खालच्या तावदानांना पांढरा रंग लागला. एकदा दोन पाखरं एका फांदीवर बसलेली आणि तिसरं गातंय अशी ओळ आली. आम्हाला वाटलं, यातून काय नियम काढणार! बाई बराच वेळ आमच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिसरं कुठून आलं?"

त्यानंतर खोलीत दोघींपेक्षा जास्त मुलींनी बसायचं नाही असा नियम झाला.

आमचाही त्यांच्यावर संशय होताच. इतक्या ओळी पाठ असणारी बाई एकटी का? जंक्शन म्हणायची, बाईंचं कुणाशी तरी ठरलं होतं आणि तो विलायतेला गेला, तो गेलाच. कुणी म्हणायचं, बाईंनीच त्याला संशयापायी घालवला. कुणाकडेच पुरावा नव्हता. पण एक होतं. ओळीच्या बाबतीत बाई कमालीच्या काटेकोर. एखादीनं 'द'च्या जागी 'ए' म्हटलं तरी थांबवायच्या. "माझ्या कवीचा शब्द बदलायचा नाही. माणसं शब्द फिरवतात, कवी फिरवत नाही." जगात त्यांचा भरवसा होता तो तेवढ्या एका माणसावर, आणि तो मरून जमाना झालेला.

एक दिवस सकाळी आमच्या खोलीच्या मागच्या गल्लीतून गलका ऐकू आला. मी खिडकीच्या वरच्या तावदानातून पाहिलं. गल्लीपलीकडच्या भिंतीशी भाजीवाली, गल्लीतला शिंपी, दूधवाला, दोन-तीन शाळेची पोरं, सगळे मान वर करून उभे. भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. इंग्रजीत.

इंग्रजीत होतं हेच वाईट झालं. गल्लीत कुणाला वाचता येईना, म्हणून ज्याला जे वाटलं ते तो सांगू लागला. शिंपी म्हणाला, मुलीचं नाव आहे. भाजीवाली म्हणाली, भेटायची जागा लिहिली आहे. दूधवाला काही म्हणाला नाही, नुसता हसला, आणि ते हसणं सगळ्यांत वाईट होतं.

बाई आल्या, मागोमाग आम्ही मुलीही. लख्ख ऊन पडलं होतं, तरी त्यांनी भिंतीवर टॉर्च मारला. डावीकडून उजवीकडे एक-एक शब्द उजळत गेला. मग त्यांनी ओळ मोठ्यानं म्हटली आणि आमच्याकडे वळून मराठीत सांगितली. "प्रेम दाराशी पहारा देतं, पण कडी वाजवत नाही."

ती ओळ आम्हाला पावसाळ्यात मिळाली होती. तिच्यावरून फाटकाला दुसरं कुलूप लागलं होतं.

"हा माझा कवी आहे," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "म्हणजे लिहिणारा शिकलेला आहे. इंग्रजी घेऊन एम. ए. करत असणार." मग त्यांनी भिंतीकडे पाठ केली आणि समोर बघितलं. समोर आमची खिडकी होती.

त्यानंतरचे दिवस विमलचे फार वाईट गेले. खिडकी दोघींची, पण बाईंनी मला पहिल्याच दिवशी मोकळं केलं. "सावदा, तुला कुणी कविता लिहिणार नाही." हे ऐकून सुटल्याचा आनंद मानावा की काय, ते मला कळेना. विमल मात्र दिसायला नाजूक, आणि अबोल. कुणी काही विचारलं तर आधी मान हलवायची आणि मग शब्द शोधायची. बाईंना तेवढं पुरेसं होतं. "जी मुलगी बोलत नाही, तिच्याशी भिंती बोलतात."

त्यांनी तिची नखं पाहिली, ओढणीची किनार पाहिली, गादी उलटी करून पाहिली. जेवताना समोर बसायच्या आणि अचानक विचारायच्या, "त्याला चष्मा आहे का?" विमलच्या हातातला घास तसाच राहायचा. एकदा म्हणाल्या, "नाव नको सांगूस. नुसतं गाव सांग." विमल म्हणाली, "बाई, कुणी असेल तर सांगेन ना." बाईंनी मान डोलावली. जणू गुन्हा कबूल झाला.

विमल तिच्या गावातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, केळी-कापसाची शेती. तिला बी. एस्सी. करून शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. तिचं टेबल म्हणजे कोपऱ्यात उभं केलेलं लोखंडी खोकं. त्यावर ती बेडकाच्या आकृत्या इतक्या सुरेख काढायची की मी तिला म्हणायचे, बेडकाला कळलं तर लाजेल. त्या आठवड्यात तिनं एकही आकृती काढली नाही.

गावाला बातमी पोचायला बाईंच्या पत्राची गरज पडली नाही. तिच्या गावचा एक माणूस एस. टी. त कंडक्टर होता. त्यानं धुळ्याच्या स्टँडवर काही ऐकलं आणि चोपड्याला उतरेपर्यंत त्यात भर घातली. आणि मग एका सकाळी विमलचे वडील फाटकाशी येऊन उभे राहिले.

आबा. पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर उपरणं. नानांनी त्यांना परीक्षेशिवाय आत घेतलं. बाई तेव्हा नव्हत्या. त्या सकाळीच रिक्षा करून मुलांच्या कॉलेजात गेल्या होत्या, इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे. ही कविता कुणाकुणाला शिकवली, याची चौकशी करायला. चोर सापडणारच, अशा ताठ्यात गेल्या होत्या.

आबा आमच्या खोलीच्या दारात थांबले, आत आले नाहीत. विमल म्हणाली, "आबा, मी काहीच करेल नही."

"मी काही म्हनस का?" ते म्हणाले. "पेटी भर, बेटा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतः खाली बसून तिची पेटी भरली. कपडे घातले, डबा घातला. पुस्तकं हातात घेतली, एकदा उलटसुलट केली आणि परत कॉटवर ठेवून दिली. विमल त्या पुस्तकांकडे बघत राहिली. मी म्हटलं, "आबा, पुस्तकं राहिली." ते म्हणाले, "तुले ठेव, पोरी. आते आमले काय काम."

पेटी उचलून ते अंगणात आले आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. बाई उतरल्या. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि ऑफिसचं दार उघडलं. आबा आत गेले. विमल गेली. मी मागे राहिले तर म्हणाल्या, "सावदा, तूही ये. तुझीही खिडकी आहे."

आबा खुर्चीवर बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि बोलायला लागले. मी त्यांचे शब्द अजून विसरलेले नाही.

"बाई, माले इंग्रजी येत नही. भितवर काय लिखेल शे, ते माले सांगू नका. बठ्ठं गाव विचारी ऱ्हायनं. मी कोनलेच उत्तर देयेल नही. तुम्ही कोनावरच इस्वास ठेवतस नही, हाई बठ्ठा जिल्हाले माहीत शे. म्हनीसन माले तुमनाच शब्द पाहिजे. तुम्ही म्हना ऱ्हाऊ द्या, त ऱ्हाऊ देस. तुम्ही म्हना ली जा, त ली जास. सोयरीक येल शे, लगीन करी टाकसू. बस."

पोरीला ठेवायचं की न्यायचं, ते त्यांनी बाईंवर सोपवलं होतं. बाई आबांकडे बघत होत्या. त्यांच्या संशयानं आजवर कितीतरी माणसं चिडली होती, रडली होती, हसली होती. त्याच संशयाला तारण समजून कुणी त्यांच्यापुढे उभं राहिलं नव्हतं. जी बाई दुधाला चांगलं म्हणत नाही, तिनं पोरीला चांगलं म्हटलं तर गाव मानेल, एवढा साधा हिशेब त्या माणसानं मांडला होता.

बाईंनी नानांना पाणी आणायला सांगितलं. नानांनी फुलपात्र आणलं. एरवी बाई पाणी उजेडाकडे धरून बघायच्या. त्या दिवशी न बघता प्यायल्या. मला त्याचीच भीती वाटली.

"आबा, बसा," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

आबा बसले.

"भिंतीवर लिहिलंय ती एका कवीची ओळ आहे. मी मुलींना शिकवलेली. प्रेम दाराशी पहारा देतं, अशी. इंग्रजीत त्याला 'वॉचेस' म्हणतात. आज मी मुलांच्या कॉलेजात जाऊन पुस्तक उघडून बघितलं. कवीनं तसं लिहिलेलंच नाही. त्यानं 'वेट्स' लिहिलंय. प्रेम दाराशी वाट बघतं. मी शब्द चुकीचा लक्षात ठेवला आणि इतकी वर्षं मुलींना चुकीचाच शिकवला."

हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. 'द'च्या जागी 'ए' न चालवणारी बाई!

"बाहेरच्या मुलानं लिहिलं असतं तर पुस्तकातलं लिहिलं असतं," बाई पुढे म्हणाल्या. "भिंतीवर माझी चूक जशीच्या तशी आहे. ही चूक फक्त माझ्या मुलींना पाठ आहे. म्हणजे लिहिणारी इथलीच कुणी मुलगी. आणि इथे दाराशी पहारा कोण देतं? मी. ते माझ्यावर लिहिलंय, आबा. माझी टिंगल आहे ती. तुमच्या मुलीचा त्यात काही संबंध नाही."

आबांनी हे सगळं मनात एकदा फिरवून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे, मास्तरीन चुकनी?"

"हो."

"अन् मनी पोर चांगली शे."

"तुमची मुलगी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "हे मी सांगते."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. उठले, बाहेर गेले आणि पेटी स्वतः उचलून आमच्या खोलीत नेऊन ठेवली. कॉटवरची पुस्तकं उचलून त्या लोखंडी खोक्यावर ठेवली, उपरण्यानं त्यांच्यावरची धूळ पुसली. जाताना विमलच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुपारची गाडी पकडायला निघून गेले. गावात त्यांनी काय सांगितलं, देव जाणे. पण पुन्हा कुणी विचारलं नाही. खुद्द त्या बाईनं पोरीला चांगलं म्हटलंय, यावर कुणाला बोलायला जागाच उरली नसणार.

त्याच संध्याकाळी प्रार्थनेनंतर बाईंनी सगळ्या मुलींसमोर उभं राहून ओळ दुरुस्त केली. "वॉचेस नाही, वेट्स. म्हणा." आम्ही म्हटलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी टॉर्च लावला नाही.

मग भिंतीला चुना लावला. बाई खुर्ची टाकून गवंड्यासमोर बसल्या होत्या, चुन्यात पाणी जास्त घालतो की काय ते बघत.

पण त्यानंतर काहीतरी बदललं. बाईंनी नवी ओळ दिली की एखादी मुलगी हळूच विचारायची, "बाई, ही नक्की अशीच आहे ना?" विचारणारीचा सूर अगदी बाईंचाच असायचा. बाई "हो" म्हणायच्या. काही दिवसांनी त्यांनी ओळी देणं बंद केलं. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांच्या कानावरही गेलं होतं की रेक्टरबाईंनी मुलींना वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं. दुसऱ्या वर्षी एक तरुण, हसऱ्या बाई आल्या, आणि आमच्या बाई जळगावला पुतण्याच्या घराशेजारी राहायला गेल्या. जाताना त्यांनी विमलला काही सांगितलं नाही. खरं म्हणजे ऑफिसातल्या त्या सकाळनंतर त्यांनी विमलला एकदाही काही विचारलं नव्हतं. ना चष्मा, ना गाव.

विमल बी. एस्सी. झाली, मग बी. एड. झाली. चोपड्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. मी बँकेत लागले, चाळीसगावला. बाई हळूहळू आमच्या हसण्याच्या गोष्टींत जाऊन बसल्या.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडे धुळ्याला एका लग्नात कुंदा भेटली. कुंदा म्हणजे साक्रीची, वसतिगृहात आमच्या पलीकडच्या खोलीत राहायची. जेवणाच्या पंगतीत भरीत वाढून घेता घेता ती म्हणाली, "अगं, ती भिंत मीच रंगवली होती! बाईंची मस्करी करायची म्हणून. दाराशी पहारा, म्हटलं हे तर बाईंचंच वर्णन आहे. त्या मुलगा शोधत बसतील असं कुणाला वाटलं होतं!" आणि पोट धरून हसली. मी तिला विमलच्या पेटीची आठवण दिली. ती हसायची थांबली आणि म्हणाली, "मी सांगायला निघालेच होते. तेवढ्यात बाईंनीच मिटवलं."

म्हणजे बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं होतं. मला वाटलं, हे त्यांना सांगायलाच हवं. पुढच्याच महिन्यात जळगावला बँकेचं काम निघालं, तेव्हा पत्ता शोधत गेले.

तळमजल्यावरची खोली. दाराला साखळी. बेल वाजवल्यावर दार बोटभर उघडलं. फटीत एक डोळा दिसला. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"कोण?"

"बाई, मी सावदा."

"सावद्याहून रोज माणसं येतात. खूण सांग."

काय सांगावं? मग मला ती ओळ आठवली. मी इंग्रजीत म्हटली, आम्ही त्या संध्याकाळी सुधारून घेतली होती तशी. प्रेम दाराशी वाट बघतं. वेट्स.

"वॉचेस!" आतून फटकन आवाज आला. "वॉचेस. वेट्स कुठून आणलंस? कुणी शिकवलं तुला?"

आतला श्वास ऐकू येत होता. मग साखळी निघाली.

बाईंनी मला बसवलं आणि पाठ करून स्टोव्ह पेटवायला लागल्या. मला राहवेना. "बाई, पुस्तकात नक्की काय आहे?"

"पुस्तकात वॉचेस आहे. मी माझ्या कवीचा शब्द बदलत नाही." थोडा वेळ स्टोव्हला पंप मारला. "एकदा बदलला. तू होतीस तिथे."

"म्हणजे तुमची खात्री होती की विमलचा काही दोष नाही."

"छे!" बाई वळल्या. "मला खात्री होती, मुलगा आहे. अजून आहे."

"मग आबांना तसं का सांगितलंत?"

त्यांनी आधण ठेवलं. साखरेच्या डब्याचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "मी आयुष्यभर संशय घेतला, तो माझ्यापुरता. तुला तर माहितीच आहे, मी दूधसुद्धा परत केलं नाही कधी. तो माणूस पेटी बांधून उभा होता. माझ्या संशयावर एका मुलीचं लग्न लावून देणार होता. तेवढा काही माझा स्वतःवर विश्वास नाही."

चहा झाला. बाईंनी कप माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या. डोळे अगदी पूर्वीसारखे झाले.

"आता तरी सांग. कोण होता तो?"

"कुणी नव्हता, बाई. तेच सांगायला आले. कुंदानं लिहिलं होतं. आपली साक्री. तुमचीच मस्करी करायला. तुम्ही आबांना जे सांगितलं, ते खरंच होतं."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साक्री?"

"हो. तिनं स्वतः सांगितलं मला."

"साक्रीला 'वॉचेस'मध्ये 'टी' असतो हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी तिच्याकडून पाटीवर लिहून घेतलंय. दर वेळी 'टी' खायची. भिंतीवर 'टी' होता. मी टॉर्च मारून बघितला होता." आणि मग अगदी शांतपणे, "मला फसवू नकोस. चहा पी."

मी चहा प्यायले. बाईंनी दारापर्यंत सोडलं, पुन्हा साखळी लावून घेतली.

चाळीसगावची गाडी लागलेली होती. मी खिडकीजवळ बसले आणि ती भिंत आठवायला लागले. 'टी' होता की नव्हता? गर्दी आठवत होती, बाईंची सावली आठवत होती, अक्षरं काही केल्या आठवेनात. कुंदा लग्नाच्या पंगतीत उगाच फुशारकी तर मारत नव्हती? तिला सगळ्या गोष्टींत आपण असायला हवं असायचं. आणि विमल... विमल माझ्याच खोलीत राहायची, माझ्याच खिडकीशी अभ्यास करायची.

भडगाव मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात विमलला पत्र लिहीत होते. खरं सांग, आता काय बिघडतंय, वगैरे. मग घरी आल्यावर कागद घेतला, पेन उघडलं, आणि तिच्या मुलांची चौकशी केली, शाळेत या वर्षी नवी प्रयोगशाळा झाली का विचारलं, आणि बाई भेटल्या होत्या, तब्येत ठीक आहे, असं लिहून पत्र पेटीत टाकलं.

बाईंनी तिला पुन्हा विचारलं नव्हतं. मीही नाही विचारलं.